एकेचाळीस फोटो, बेचाळीस ओळी

प्रिय टाचणीस,

डिंकाचा चिकट नमस्कार.

“स्वतःबद्दल माणूस खोटंच लिहितो, शेजारच्याला विचारा.” हे वाक्य तू एकतीस वर्षांपूर्वी शाळेच्या वाचनालयात, खिडकीजवळच्या डगमगत्या स्टुलावर उभी राहून म्हणाली होतीस. (स्टूल अजून आहे. डगमगणंही आहे. एका पायाखाली मी भूगोलाचं एक जुनं पाठ्यपुस्तक घातलंय, पण ते जरा जाड पडतं, म्हणून आता स्टूल दुसऱ्या बाजूला डगमगतं.) तुला आठवत नसेलच. वाक्यं तू टाकायचीस आणि ती उचलून ठेवायची मी, अशी आपली कामाची वाटणी पहिल्यापासून होती. अंकाची पानं लावताना तू टोचायचीस आणि मी चिकटवायचे, म्हणून तर तू टाचणी आणि मी डिंक. पण त्या वाक्याने गेल्या तीन आठवड्यांत आमच्या शाळेत जो गोंधळ घातला, तो तुला कळवणं भाग आहे, कारण बाकी कोणाला सांगितलं तर ते हसतील. तूही हसशील, पण तुझं हसणं मला इथे ऐकू येणार नाही.

आधी रीतीप्रमाणे चौकशी. तुझी तब्येत कशी आहे? भावोजींचा खोकला गेला, की त्यांनी तो सांभाळून ठेवलाय? सासूबाईंना माझा नमस्कार सांग आणि मी अजून तशीच जाड आहे हेही सांग, त्या दर वेळी विचारतात. लेकीला नवीन कॉलेज आवडलं का, की अजून रोज फोन करून रडते? इकडे सगळे बरे आहेत. आमचे हे बरे आहेत, म्हणजे चष्मा शोधत आहेत. धाकट्याने पुढे काय करायचं ते ठरवलंय, पण काय ठरवलंय ते तो सांगत नाही. माझा मात्र उजवा गुडघा जिना चढताना वाजतो. दुखत नाही, नुसता वाजतो, जुन्या कपाटाचं दार उघडावं तसा. तू रोज लोकांच्या हाडांचे फोटो काढतेस, तर एकदा तुझ्या त्या एक्स-रेच्या खोलीत येऊन गुडघा दाखवू का, एवढंच खरं तर मला विचारायचंय. तेवढ्यासाठी पत्र कशाला, फोन का नाही केलास, असं तू म्हणशील. फोनवर ‘नाही’ म्हणायला तुला दोन सेकंद लागतात. पत्र पोचायला चार दिवस, तू ते उघडायला आणखी दोन, म्हणजे जवळजवळ आठवडाभर मी आशेवर राहू शकते.

तर झालं असं. यंदा मुख्याध्यापकांनी शाळेचा वार्षिकांक माझ्या गळ्यात घातला. भाषेच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर, चित्रकलेचे सर निवृत्त, आणि ग्रंथपालाला काय काम असतं, पुस्तकं तर नुसती उभीच असतात, असं त्यांचं मत. मी हो म्हटलं. (आयुष्यभर मी हो म्हणत आले आणि तू नाही म्हणत आलीस, आणि दोघींचीही कामं तेवढीच पडून राहिली, ही गंमत कधी तरी सवडीने बोलू.) मदतीला त्यांनी दहावीची तीन मुलं दिली. तिघं पहिलीपासूनची घट्ट मित्रमंडळी, म्हणजे दिवसातून दोनदा भांडणारी.

संपादिकेला सगळे ‘बाईसाहेब’ म्हणतात. तिच्या दोन्ही कानांवर एकेक पेन असतं, एक लिहायला आणि एक दाखवायला. ती वाचनालयात आली की मी खुर्चीतून उठते, मग लक्षात येतं की खुर्ची माझीच आहे. पानं संगणकावर लावतो तो ‘रबर’. हा मुलगा केलेलं पुसतो, पुसलेलं परत आणतो, मग दोन्हीकडे बघून “आधीचंच बरं होतं” म्हणतो, आणि तोवर आधीचं कुठलं ते कोणालाच सांगता येत नाही. तिसरी ‘मांजर’. ती फोटो काढते. ती कधी आली, कधी गेली ते कळत नाही, फोटो निघालेला असतो. माझा फोटो तिने काढला तेव्हा मी कपाटाच्या किल्ल्या हातात धरून त्याच किल्ल्या टेबलाखाली वाकून शोधत होते. अंकात तोच लागलाय. ‘आपल्या ग्रंथपाल कार्यमग्न असताना’ असं बाईसाहेबांनी खाली लिहिलंय आणि मुख्याध्यापकांना ते फार आवडलंय.

नमुना म्हणून मी त्यांना जुने अंक काढून दिले, आणि त्यात आपला अंक होता. तुला माहीत नसेल, पण तू स्टुलावरून घालून दिलेली पद्धत शाळेत अजून चालू आहे. दहावीच्या प्रत्येक मुलाच्या फोटोखाली एक ओळ, आणि ती ज्याची त्याने लिहायची नाही, बाकावरच्या शेजाऱ्याने लिहायची. नाव घालायचं नाही, ‘हा’ ‘ही’ घालायचं नाही, नुसता माणूस कसा ते सांगायचं. ही पद्धत कोणी सुरू केली हे कोणालाच ठाऊक नव्हतं. मुख्याध्यापकांना ती संस्थापकांची दूरदृष्टी वाटत होती. मी त्यांना सांगितलं की ती दोन रिबिनी बांधणाऱ्या एका मुलीची आहे, तर ते “असं का?” म्हणाले आणि संस्थापकांच्या फोटोकडे जरा रागाने बघायला लागले.

आता मुलं जुना अंक चाळतात म्हणजे काय करतात? आपली शिस्त, आपलं अक्षर, माझ्या अकरा कडव्यांच्या चंद्राच्या कवितेच्या जागी तू लावलेला सायकल-स्टँडचा फोटो (ते मी केव्हाच विसरून गेले आहे), यातलं काही त्यांना दिसलं नाही. त्यांना दिसली रिकामी चौकट. तुझी. काळ्या रेघेची, आत कोरा कागद, त्यावर बारीक अक्षरात ‘छायाचित्र उपलब्ध नाही’, आणि खाली मी तुझ्याबद्दल लिहिलेली ओळ: ‘हसा म्हणणार नाही, हसू येईपर्यंत थांबणार.’

तेव्हापासून वार्षिकांकाचं काम थांबलं आणि तपास सुरू झाला. ही कोण? रबरचं म्हणणं, तिला शाळेतून काढून टाकलं असणार. बाईसाहेब म्हणाल्या, काढून टाकलेल्यांना चौकट देत नाहीत, ती गुप्तहेराची मुलगी असणार. मांजर आपला तो जुना अंक घेऊन खिडकीत बसली आणि भिंग लावून एकेक पान बघत राहिली. दोन दिवसांनी तिने पान माझ्यापुढे ठेवलं आणि मैदानावरच्या एका फोटोच्या खालच्या कडेला बोट टेकवलं. तिथे जमिनीवर एक सावली होती. दोन कोपरं बाहेर काढलेली, मधे काहीतरी चौकोनी धरलेलं, आणि कानांच्या बाजूला दोन फुगे, म्हणजे रिबिनी. टाचणी, मी तो अंक एकतीस वर्षं जपते आहे, महिन्यातून एकदा उघडते, आणि मला ती सावली कधी दिसली नव्हती. मांजरीला ती नऊ फोटोंत सापडली. नऊ. पळण्याच्या शर्यतीत तू मुलींच्या पायाखाली पडलीयेस, बक्षिसं देताना पाहुण्यांच्या बुटावर चढलीयेस, सायकल-स्टँडवर तर पुढच्या चाकात तुझं डोकंच आहे. “बाई, ही गायब नव्हती,” मांजर म्हणाली, “हीच फोटो काढत होती.”

मग मला सांगावं लागलं. तुझ्या मामांचा कॅमेरा, त्यांनी घातलेल्या शपथा, शेवटच्या रिळावरचे शेवटचे दोन फोटो: एक गेटवरच्या मावशींचा, तो तू काढलास, आणि सगळ्यात शेवटचा तुझा, तो मी काढला, पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर. आणि तो वाया गेला. रिळाच्या टोकाला उजेड लागला. स्टुडिओतून फोटो आणायला मीच गेले होते, येऊन मी तुला हेच सांगितलं होतं, आणि तू म्हणाली होतीस, “जाऊ दे, माझा फोटो येतच नसेल.” हेही मी मुलांना सांगितलं. तेव्हापासून तू कुठल्याच फोटोत येत नाहीस हेसुद्धा सांगितलं, कारण मुलं खोदत होती. तुझ्या लग्नात फोटोग्राफरला तू “जरा इकडून घ्या” म्हणून दिशा दाखवतेयस, आणि सगळ्या अल्बमभर तुझा फक्त दाखवणारा हात आहे. गेल्या वर्षी आपल्या वर्गाचं संमेलन झालं तेव्हाही तू सगळ्यांना ओळीत उभं केलंस आणि समोर जाऊन उभी राहिलीस. कोणी तुझ्या हातातला फोन घ्यायला आलं तर म्हणतेस, “माझा नको, वाया जातो.” रबरला हे फार आवडलं. त्याने वहीत लिहून घेतलं.

(मांजरीच्या आजोबांकडे रिळाचा कॅमेरा आहे, हे मला तेव्हा माहीत असतं तर मी जरा जपून बोलले असते.) तिने मावशींच्या फोटोवर भिंग ठेवलं आणि विचारलं, “बाई, टोकाला उजेड लागला तर शेजारचा फोटोपण थोडा धुरकट होतो. मावशींच्या साडीवरचे ठिपके मोजता येतायत. मग एकटा शेवटचाच कसा वाया गेला?” मी म्हटलं, घंटा झाली वाटतं. घंटा झाली नव्हती. पण मी उठून निघाले, त्यामुळे तिघंही उठली.

यानंतरचं आता ऐक, कारण खरी गंमत इथे आहे.

पानं तयार झाली, त्यांची कच्ची प्रत निघाली आणि दहावीच्या वर्गात फिरली. प्रत्येकाने आपली चौकट तपासायची आणि समोर सही करायची. बेचाळीस जणांनी सह्या केल्या. मी सह्या मोजल्या, बाईसाहेबांनी मोजल्या, रबरने दोनदा मोजल्या. प्रत छापखान्यात गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी छापखान्याच्या काकांचा फोन. हे काका तीस वर्षं शाळेचा अंक छापतात आणि कधी फोन करत नाहीत, चुका असल्या तर त्या आदराने तशाच छापतात. ते म्हणाले, “बाई, रागावू नका, पण हे तुमचे गोलकीपर, डोकं तर अगदी चकोट केलंय. खाली लिहिलंय, ‘दर सोमवारी वेणी बाकाच्या फटीत अडकणार.’ हे तसंच छापू?”

मी प्रत मागवून घेतली आणि एकेक ओळ बोट ठेवून वाचली. सोळाव्या मुलापर्यंत सगळं ठीक. सतराव्यापासून प्रत्येकाच्या फोटोखाली त्याच्या आधीच्याची ओळ. अगदी शेवटी, एकही फोटो शिल्लक नसताना, एक ओळ पानाच्या तळाशी एकटी उभी: ‘तास संपल्यावरच शंका विचारणार.’ कारण शोधायला फार वेळ लागला नाही. वर्गात मुलं बेचाळीस, ओळी बेचाळीस, आणि फोटो एकेचाळीस. हजेरीपटावर सतरावी कोण, तर मांजर. तिने सगळ्या वर्गाचे फोटो काढले, मुख्याध्यापकांचे काढले, गेटवरच्या नव्या मावशींचे काढले, मावशींच्या छत्रीचाही काढला, आणि स्वतःचा काढायचा राहिला. रबरने एकीकडे फोटो ठेवले, एकीकडे ओळी ठेवल्या, आणि एक बटण दाबून सगळ्यांना एकदम एकमेकांशेजारी बसवलं. जी चौकट रिकामी राहायला हवी होती तिच्यात पुढचा मुलगा सरकला, त्याच्या जागी त्याच्या पुढचा, असं करत पंचवीस माणसं दुसऱ्याच्या स्वभावात जाऊन बसली.

आणि पंचवीसही जणांनी सही केली, मांजरीनेही केली, चौकट न बघताच. याचंच मला सगळ्यात जास्त कुतूहल वाटलं. मी वर्गात जाऊन विचारलं. निम्म्यांनी फक्त फोटो बघितला होता, केस नीट आहेत का, दात किती दिसतायत. ज्यांनी ओळ वाचली होती त्यांना ती पटली होती. गोलकीपर म्हणाला, “मला वाटलं, असेल काहीतरी खोल.” एक मुलगी आहे, वर्गात इतकी हळू बोलते की हजेरी घेणारे सर तिच्या ओठांकडे बघून खूण करतात. तिला ओळ आली होती, ‘आवाज असा, की मैदानाच्या पलीकडूनही उपस्थित.’ ती आठवडाभर ती ओळ वहीत घेऊन फिरत होती आणि मंगळवारी तिने विज्ञानाच्या तासाला उभं राहून उत्तर दिलं होतं, आणि ते मागच्या बाकापर्यंत ऐकू आलं होतं. मी सांगितलं, बाळा, ती ओळ तुझी नाही, चूक झाली. ती म्हणाली, “राहू दे ना बाई. मी तशी होईन.”

इकडे वाचनालयात तिघांची जुंपली. बाईसाहेब रबरला म्हणाल्या, “तुला मोजता येत नाही का?” रबर म्हणाला, “सह्या मोजल्या ना, तूही मोजल्यास. फोटो कमी आहे त्याला मी काय करू, जिचा नाही तिला विचार.” मग दोघंही मांजरीकडे वळली. बाईसाहेब म्हणाल्या, “एक फोटो. स्वतःचा एक फोटो काढायला तुला काय धाड भरली होती? तुझ्यामुळे सगळा वर्ग सरकला.” मांजरीने कॅमेरा टेबलावर ठेवला, त्याचं झाकण लावलं आणि गेली. ती जाताना कोणाला कळलं, ही गेल्या दहा वर्षांतली पहिलीच वेळ.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. शाळेत येत होती, वर्गात बसत होती, पण वाचनालयाच्या दारावरून जाताना दुसऱ्या भिंतीकडे बघायची. बाईसाहेब आणि रबर टेबलाच्या दोन टोकांना बसून चुका दुरुस्त करत होते आणि मधली खुर्ची तशीच. मी हळूच ती खुर्ची काढून वाचकांच्या टेबलाला लावली, तर बाईसाहेबांनी उठून ती परत आणून ठेवली. (तेव्हा मला पहिल्यांदा त्या मुलीचा लळा लागला. आणि हेही आठवलं, की मांजरीची ओळ तिनेच लिहिलीय, शेजारीण म्हणून: ‘सगळ्यांकडे बघणार, स्वतःकडे कोणी बघितलं की गायब.’ लिहायला लिहून गेली होती. वाचायची राहिली होती.)

चौथ्या दिवशी मधल्या सुट्टीत दोघं वर्गाच्या दारात मांजरीची वाट अडवून उभी राहिली. काय बोलणं झालं ते मला रबरने सांगितलं. बाईसाहेबांना माफी मागता येत नाही, त्या हुकूम सोडतात. त्या म्हणाल्या, “चल, मैदानावर. तुझा फोटो आम्ही काढणार. हलायचं नाही.” मांजर म्हणाली, “तुम्हाला येतो का काढता?” रबर म्हणाला, “नाही.” बहुतेक त्या उत्तरावरच ती आली.

त्या एका सुट्टीत त्यांनी तिचे चाळीस फोटो काढले. तिघंही दमून, घामाघूम, बोलत बोलत वाचनालयात आली आणि मला संगणकावर सगळे दाखवले. एकही धड नाही. काहींत नुसतं आकाश आहे. काहींत बाईसाहेबांचं बोट आहे. एका फोटोत मांजर आहे, पण ती कॅमेऱ्याकडे धावत येतेय, कारण रबर मागे मागे जात टाकीच्या पायऱ्यांवरून पडत होता. त्यात तिचा अर्धाच चेहरा, तोही हललेला, एक वेणी हवेत आणि कोपऱ्यात रबरचा बूट. रबरने तोच घेतला आणि सतराव्या चौकटीत ठेवला. सगळा वर्ग टकटक करत एकेक घर पुढे सरकला आणि आपापल्या ओळीवर जाऊन बसला. मी म्हटलं, अरे, हा तर वाया गेलाय. रबर मान वर न करता म्हणाला, “वाया गेला तरी चौकट तिचीच आहे ना, बाई. लावायचा.”

मग त्याने वळून माझ्याकडे बघितलं. बाईसाहेबांनी बघितलं. मांजर तर आधीपासूनच बघत होती. रबर म्हणाला, “तुमच्या मैत्रिणीचापण लावायचा होता. धुरकट तर धुरकट. तुम्ही का नाही लावलात?”

मी म्हटलं, घंटा झाली. या वेळी खरंच झाली होती, पण कोणी उठलं नाही.

अंक आता पुन्हा छापखान्यात जायचा आहे. सगळ्या ओळी सगळ्यांना परत मिळाल्या. हळू बोलणाऱ्या मुलीलाही तिची खरी ओळ मिळाली, ‘कोपऱ्यात बसणार, पण रुमाल सगळ्यांना पुरवणार.’ ती वाचून ती थोडी हिरमुसली, पण बुधवारी तिने पुन्हा मोठ्याने उत्तर दिलं. एवढंच सांगायचं होतं. बाकी ठीक. सासूबाईंना नमस्कार, भावोजींना खोकल्यावरून फार बोलू नकोस, लेकीला सांग की रडणं दुसऱ्या वर्षी आपोआप थांबतं. गुडघ्याचं तेवढं कळव.

तुझीच,
डिंक

ता. क. गुडघ्याचं कळवू नकोस. गुडघा वाजतो हे खरं, पण तो पाच वर्षं वाजतोय आणि आता त्याच्या आवाजावरून मी आलेली मुलांना कळते, ही सोयच आहे.

ता. क. दुसरा. टाचणी, फोटो वाया गेला नव्हता. टोकाला उजेड लागला नव्हता. स्टुडिओवाल्याने पाकीट माझ्या हातात ठेवलं तेव्हा सगळ्यात वर तोच होता. आदल्या दिवशी तू माझी चंद्राची कविता अंकातून काढली होतीस, “पान भरलं” एवढंच म्हणून, आणि तिथे सायकली लावल्या होत्यास. मी स्टुडिओपासून शाळेपर्यंत रडत आले. तू दारात उभी होतीस. “माझा कसा आलाय?” तू विचारलंस, आणि मी म्हटलं, वाया गेला. तुला पाच मिनिटं वाईट वाटावं, एवढंच मनात होतं. मग काढून दाखवणार होते. पण तू रागावली नाहीस, भांडली नाहीस, नुसतं “माझा फोटो येतच नसेल” म्हणालीस आणि कोरी चौकट आखायला बसलीस, फूटपट्टी घेऊन, सरळ. रेघ आखून झाल्यावर मला सांगवेना. दुसऱ्या दिवशी त्याहून सांगवेना. पुढे अंक छापून झाला. मग तू खरोखरच फोटोत यायची बंद झालीस, आणि दर वर्षी सांगणं आणखी अवघड होत गेलं. स्वतःबद्दल माणूस खोटं लिहितो, हे तुझं खरंच होतं. फक्त शेजारीही खोटं बोलू शकतो, हे तुला सुचलं नाही, कारण शेजारी मी होते.

कविता भिकार होती. परवा काढून वाचली. अकरा कडव्यांत चंद्र सात वेळा रडतो.

ता. क. तिसरा. मुलांना मी काल सगळं सांगितलं. मांजर म्हणाली, “माहीत होतं.” बाईसाहेबांनी विचारलं, “मग त्यांना सांगितलंत?” मी म्हटलं, पत्र लिहितेय. “किती दिवस?” मी म्हटलं, तीन आठवडे. रबरने काही न विचारता यंदाच्या अंकाच्या शेवटच्या पानावर एक रिकामी चौकट सोडली आहे. खाली तुझी जुनी ओळ तशीच, ‘हसा म्हणणार नाही, हसू येईपर्यंत थांबणार.’ छापखान्याचे काका म्हणतात, महिनाअखेरपर्यंत थांबतो.

फोटो सोबत ठेवलाय. मूळ प्रत हीच, दुसरी नाही. चांगला आलाय, अगं. तू पायरीवर बसलीयेस, एक रिबीन सुटलेली, आणि तू हसतेयस, कारण मला कॅमेरा कुठून धरायचा ते कळत नव्हतं. हा फाडायचा तर फाड, तुझा आहे. चौकटीत हा लावायचा नाही. चौकटीला आत्ताची तू हवीस, असं मुलांचं म्हणणं आहे, आणि माझंही. पत्र मिळेल त्यानंतरच्या शनिवारी सकाळी शाळेत ये. टाकीच्या पायऱ्या तशाच आहेत. रोज तू लोकांना सांगतेस ना, हलू नका, श्वास धरा. तशी मांजरीपुढे एकदाच बस. तू ‘नाही’ म्हणणार, हे मला माहीत आहे. तरी ये.